संघातला स्टार थकायला लागला की: निरोपाचं काम कोणत्या क्रमाने करायचं

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात संघ हरतो आणि त्याच रात्री कट्ट्यावर ठरतं, "बास झालं, आता ह्याला बसवा." कधी उलटंही होतं. शेवटच्या सामन्यात तो दोन गोल मारतो आणि समिती पुढच्या दोन वर्षांचं मानधन कबूल करून मोकळी होते. चूक दोन्हीकडे एकच आहे. निर्णय शेवटचा सामना बघून घेतलेला असतो.

मी कोल्हापुरात एका मंडळाच्या फुटबॉल संघाचं व्यवस्थापन बघतो. आजवर तीन मोठ्या खेळाडूंना निरोप देण्यात माझा हात होता. एक निरोप नीट झाला, एक कसाबसा पार पडला आणि एकाची आठवण आजही नको वाटते. खालचा क्रम त्या तिघांवरून आणि जगातल्या बड्या क्लबांनी चारचौघांत केलेल्या चुकांवरून बसवला आहे. क्रम मोडू नका. बोलणं आधी आणि वारसदार नंतर, घोषणा आधी आणि हिशेब नंतर, अशी अदलाबदल झाली की घोळ ठरलेला.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. निरोपाची तारीख खेळाडूच्या वयावरून काढायची नसते. त्याच्या जागी जो येणार, तो कधी तयार होतो यावरून ती निघते.

## सुरू करण्याआधी: तीन माणसं आणि एक वही

प्रशिक्षक, संघाचा मॅनेजर आणि पैसे बघणारा पदाधिकारी. एवढे तिघे पुरे. चौथा आला की बातमी फुटते. आम्ही एकदा पाच जण बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर त्या खेळाडूला कुणीतरी विचारलं, "काय, यंदा तुला नारळ म्हणे?" तो आमच्याकडे जाब विचारायलासुद्धा आला नाही. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी शेजारच्या पेठेच्या संघात जाऊन बसला. त्याची पुढची गोष्ट आठव्या टप्प्यात येईल. तिथे तिचा उपयोग आहे.

वहीची तीन पानं करा आणि प्रत्येकावर एकच प्रश्न लिहा.

१. तो आजही चांगला खेळतो का?
२. आपल्या संघाच्या खेळात तो बसतो का?
३. तो आपल्याला परवडतो का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात आणि भांडणं होतात ती इथेच. एक जण पहिल्या पानाबद्दल बोलत असतो, दुसरा तिसऱ्या. मँचेस्टर युनायटेडने २०२१ मध्ये ३६ वर्षांच्या ख्रिस्तियानो रोनाल्डोला परत आणलं. त्या हंगामात त्याने लीगमध्ये १८ गोल केले. पहिल्या पानावर ठसठशीत 'होय'. पण आधीच्या हंगामात संघाचे लीगमधले गोल ७३ होते, ते ५७ वर आले, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा संघ सहाव्यावर गेला. सगळं खापर एका माणसावर फोडता येत नाही, प्रशिक्षकही हंगामाच्या मध्येच गेला होता. तरी दुसऱ्या पानावर काय लिहावं लागलं असतं ते कळतं. एका माणसाचे गोल मोजताना संघाचे गोल मोजायचे राहून जातात.

सावधान: वयाचं वेगळं पान करू नका. जियानलुइजी बुफाँ गोलरक्षक म्हणून ४५ व्या वर्षी निवृत्त झाला. निव्वळ वेगावर जगणारा, कडेने पळणारा विंगर तिशीच्या आसपासच अडखळायला लागतो. वय जागेप्रमाणे वेगळं वागतं.

## टप्पा १: कॅलेंडर उलटं मांडा

करार असलेला क्लब असेल तर शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. तेव्हा तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणजे ठेवायचं की सोडायचं हे करार संपण्याच्या किमान वर्षभर आधी ठरलेलं असावं.

बार्सिलोनाने लिओनेल मेसीच्या बाबतीत हेच वर्ष हट्टात घालवलं. करार ३० जून २०२१ पर्यंतचा. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्न म्युनिककडून ८–२ ने हरल्यावर मेसीने स्वतःच नोंदणीकृत पत्र पाठवून जायचं आहे असं कळवलं. करारातल्या मोफत जाण्याच्या कलमाची मुदत जूनमध्येच संपली, आता ७० कोटी युरो भरा, असं क्लबचं म्हणणं. तो राहिला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला राहायचं होतं, तर लीगच्या आर्थिक मर्यादेत त्याची नोंदणीच बसेना. ५ ऑगस्टला क्लबने तो राहणार नसल्याचं जाहीर केलं आणि पाच दिवसांत तो पॅरिसला गेला. बार्सिलोनाला एक छदामही मिळाला नाही. त्या वर्षभरात हाती लागला तो एक कोपा डेल रे, म्हणजे स्पेनमधला बाद पद्धतीचा चषक.

आपल्याकडे पेठांच्या संघांत करार नसतो, दरवर्षी नोंदणी असते. तिथे नोंदणीच्या तारखेपासून मागे या. दोन महिने आधी निर्णय, सहा आठवडे आधी बोलणं. नोंदणीच्या आठवड्यात बोलणं म्हणजे त्याला दुसरा संघ शोधायलाही वेळ न देणं. आम्ही ही चूक केली आहे. पेठ अशी गोष्ट विसरत नाही.

तपासणी: "आपण कोणत्या तारखेनंतर काहीच करू शकत नाही?" याचं एकच उत्तर तिघांच्या वहीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आठ सामने फक्त त्याच्याकडे बघा

हा टप्पा सगळे टाळतात, कारण कंटाळवाणा आहे. सामना बघताना डोळे चेंडूमागे जातात आणि स्टार खेळाडू चेंडूपाशी नेहमीच चांगला दिसतो. पाय थकतात, पण चेंडू थांबवायची कला शेवटपर्यंत राहते. चेंडू लांब असताना तो काय करतो ते बघायचं.

एक माणूस गॅलरीत वर बसवा. हातात कागद, त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. ९० मिनिटं फक्त एका खेळाडूकडे बघायचं आणि चार गोष्टींच्या रेघा ओढायच्या.

- पूर्ण वेगाने किती वेळा पळाला
- चेंडू गेल्यावर किती वेळा मागे परतला
- त्याची जागा भरायला दुसऱ्याला किती वेळा धावावं लागलं
- चेंडू मागण्याऐवजी किती वेळा हात वर करून उभा राहिला

मोबाइलवर उंचावरून चित्रण केलं तर उत्तम, पण कागद सोडू नका. चित्रण घरी कुणी बघत नाही.

हा कागद एकदा आमच्या अंदाजावर उलटला होता. आमचा मध्यरक्षक ३४ वर्षांचा. समितीत सगळ्यांचं मत एकच, उत्तरार्धात तो संपतो. आठ कागद टेबलावर मांडले तर शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या रेघा पहिल्या पंधराइतक्याच. फक्त दोन कागद वेगळे होते, अगदी रिकामे. तारखा बघितल्या तर ते दोन्ही सामने आधीच्या सामन्यानंतर तिसऱ्या दिवशीचे. सामन्यात तो दमत नव्हता. दोन सामन्यांमधली विश्रांती त्याला पुरत नव्हती. वय वाढताना बऱ्याचदा हेच आधी होतं. वेग नंतर जातो, शरीर भरून यायला लागणारे दिवस आधी वाढतात. त्याला निरोप द्यायची गरजच नव्हती. लागोपाठच्या सामन्यांतला एक सोडून द्यायचा होता. तो आमच्याकडे आणखी दोन हंगाम खेळला.

नेहमीची चूक: आठही सामने दुबळ्या संघांविरुद्धचे निवडणं. निदान तीन सामने तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा भारी संघांशी झालेले असावेत.

दुसरी चूक: दुखापतीतून परतल्यानंतरचे पहिले तीन-चार सामने मोजणं. ते कागद बाजूला ठेवा.

## टप्पा ३: काढण्याआधी जागा बदलून बघा

मँचेस्टर युनायटेडचा रायन गिग्ज विंगेवरून मधल्या फळीत आला, सामने कमी केले, आणि ४० व्या वर्षापर्यंत एकाच क्लबकडून खेळला. पण हे प्रत्येकाला जमत नाही. आत यायला नजर लागते, आणि आयुष्यभर फक्त रेषेवरून पळालेल्याकडे ती असेलच असं नाही.

दुसरा मार्ग बाकावरून आणण्याचा. रोमाच्या फ्रान्सेस्को टोट्टीचं उदाहरण मला दोन्ही बाजूंनी शिकवणारं वाटतं. २०१६ मध्ये प्रशिक्षक स्पालेत्तीने त्याला बसवलं. त्याने टीव्हीवर नाराजी बोलून दाखवली, तर त्याला सराव शिबिरातून घरी पाठवलं. हा झाला तमाशा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तोरिनोविरुद्ध रोमा १–२ ने मागे असताना तो ८६ व्या मिनिटाला आत आला आणि तीन-चार मिनिटांत दोन गोल करून सामना ३–२ केला. ३९ वर्षांचा माणूस. चार मिनिटांचा टोट्टी अजून होता. नव्वद मिनिटांचा नव्हता. हे त्याला आधी बंद दाराआड सांगितलं असतं तर तो तमाशा कदाचित टळला असता.

जागा बदलायची तर चोरून बदलू नका. "आजच्या दिवस बाकावर बस" असं सहा आठवडे म्हणणं ही फसवणूक आहे. सरळ सांगा: पुढचे सहा सामने तू साठाव्या मिनिटानंतर येशील, मग आपण परत बोलू.

तपासणी: सहा सामन्यांनंतर संघ आधीपेक्षा बरा खेळतोय आणि तोही कुरकुर न करता उतरतोय? मग इथेच थांबा. निरोपाचा विषय पुढच्या वर्षी. दोन्हीपैकी एक 'नाही' असेल तर पुढे.

## टप्पा ४: वारसदार आधी, निरोप नंतर

सगळ्यात जास्त वेळ ह्या टप्प्याला द्या.

पहिली गोष्ट, 'त्याच्यासारखा' शोधू नका. मिळत नाही, आणि मिळालाच तर त्याला परवडत नाही, कारण पहिल्या सामन्यापासून त्याची तुलना होते. त्याऐवजी जुना खेळाडू जी जी कामं करतो त्यांची यादी करा. गोल, फ्री किक, पेनल्टी, कॉर्नरला पहिल्या खांबावर उभं राहणं हे तर झालंच. न दिसणारी कामंही लिहा: पंचांशी नीट भाषेत बोलणं, सतरा वर्षांच्या पोराला सामन्याआधी धीर देणं, सरावाला दांडी मारणाऱ्याला फोन करणं. आमच्या एका जुन्या बचावपटूच्या यादीत अकरा कामं निघाली. त्यातलं मैदानावरचं पहिलं काम पाच नंबरला होतं. मग ती कामं चार जणांत वाटली. एकाच पोराच्या गळ्यात सगळी बांधली नाहीत.

आर्सेनलने २००७ मध्ये थिएरी हेन्रीला बार्सिलोनाला विकलं तेव्हा तो तिशीला टेकला होता. क्लब संपला, असं तेव्हा सगळे म्हणत होते. झालं काय? हेन्री असतानाच्या शेवटच्या हंगामात लीगमध्ये ६८ गुण होते, तो गेल्यानंतरच्या हंगामात ८३. एकट्या अदेबायोरने लीगमध्ये २४ गोल केले. जादू काही नव्हती. शेवटच्या हंगामात दुखापतींमुळे हेन्री लीगचे १७ सामनेच खेळला होता, म्हणजे त्याच्याशिवाय खेळायचा सराव संघाला आधीच झाला होता. हा सराव दुखापतीची वाट न बघता मुद्दाम करून घ्या. हंगामात चार सामने असे ठरवा की तो तंदुरुस्त असूनही खेळणार नाही. हरलात तरी चालेल असेच सामने निवडा.

रेआल माद्रिदने २०१८ मध्ये ३३ वर्षांच्या रोनाल्डोला युव्हेंटसला १० कोटी युरोला विकलं. भाव झकास मिळाला, वेळही चुकीची म्हणता येणार नाही. पण आधीच्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून ४४ गोल केले होते, आणि ते आता कुठून येणार याचं उत्तर क्लबकडे नव्हतं. पुढच्या हंगामात दोन प्रशिक्षक गेले आणि चॅम्पियन्स लीगमध्ये घरच्या मैदानावर अयाक्सने ४–१ ने धुतलं. उत्तर संघातच होतं. करीम बेन्झेमा इतकी वर्षं रोनाल्डोसाठी जागा मोकळी करत होता. तो पुढे आला आणि २०२२ मध्ये ३४ व्या वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार घेऊन गेला. म्हणून बाहेर शोधण्याआधी आपल्याच संघात बघा. मोठ्या खेळाडूच्या सावलीत कुणीतरी स्वतःचा खेळ आवरून उभा असतो.

आणि वारसदार तयारच केला नाही तर काय होतं ते आपण भारतीयांनी जवळून पाहिलं आहे. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून निरोप घेतला. ९४ गोल नावावर. सामना ०–० सुटला, हेही बोलकंच. मार्च २०२५ मध्ये ४० वर्षांच्या छेत्रीला परत बोलवावं लागलं आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण निरोप दिलेल्या माणसाला नऊ महिन्यांत परत बोलवावं लागतं तेव्हा निरोपाची तयारी कुणी केली होती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

सावधान: वारसदार तयार नसेल आणि जुना खेळाडू संघाला खाली ओढत असेल, तरी घाईने काढू नका. एक हंगाम थांबा, मिनिटं कमी करा आणि त्या हंगामाचं काम एकच ठेवा: पोराला तयार करणं. त्या हंगामात चषक मिळणार नाही हे समितीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या पराभवानंतर तीच समिती उलटते.

तपासणी: त्याच्याशिवाय खेळलेल्या चार सामन्यांत संघाने किती संधी निर्माण केल्या? गोल मोजू नका, चार सामन्यांत गोल नशिबाचे असतात. संधी निम्म्याहून कमी झाल्या असतील तर अजून वेळ आहे.

## टप्पा ५: पैशाचा हिशेब

हा टप्पा आटोपशीर ठेवा. तिशीनंतर एकाच वर्षाचा करार, ही पद्धत बऱ्याच क्लबांत होती. पद्धत चांगली, पण डोळे मिटून लावली की अंगलट येते. मिलानने २०११ मध्ये आंद्रेआ पिर्लोला एकच वर्ष देऊ केलं, त्याला तीन हवी होती. युव्हेंटसने ती दिली, त्याला फुकटात नेलं आणि पुढची चार वर्षं लागोपाठ लीग जिंकली, पहिली तर एकही सामना न हरता. ३२ वर्षांचा पिर्लो वेगावर खेळतच नव्हता, मग वेग जाण्याची भीती कशाला? नियमात जागेनुसार फरक ठेवा.

देऊ केलेल्या रकमेची मुदत लेखी द्या. सर्जिओ रामोसला रेआल माद्रिदने २०२१ मध्ये पगारकपातीसह एक वर्ष देऊ केलं होतं, त्याला दोन हवी होती. शेवटी तो एका वर्षाला तयार झाला तेव्हा कळलं की मुदत संपली. अशी मुदत होती हे मला कुणी सांगितलंच नाही, असं त्याने पत्रकारांसमोर सांगितलं. खेळाच्या दृष्टीने रेआल बरोबरच निघालं. बचावपटू डेव्हिड अलाबा आला आणि पुढच्याच हंगामात लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही मिळाल्या. पण १६ वर्षं क्लबकडून खेळलेल्या कर्णधाराने जाताना असं बोलावं लागणं टाळता आलं असतं, एका कागदाने.

आपल्याकडे: मागच्या हंगामाचं मानधन थकलेलं असेल तर आधी ते द्या, मगच निरोपाबद्दल बोला. थकबाकी ठेवून निरोप देणं म्हणजे शत्रू तयार करणं.

एक खास सावधानता: तो कुठे जाणार याचाही विचार करा. बार्सिलोनाने २०२० मध्ये ३३ वर्षांच्या लुइस सुआरेझला जवळजवळ फुकटात अ‍ॅटलेटिको माद्रिदला दिलं. त्याने लीगमध्ये २१ गोल केले, शेवटच्या दिवशी विजयाचा गोलही त्याचाच, आणि अ‍ॅटलेटिको विजेते झाले. बार्सिलोना तिसरे. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्याला देताना त्याच्या पायातले उरलेले गोल तुमच्या जाळ्यात किंवा तुमच्या गुणतक्त्यात येणार, हे धरून चाला.

## टप्पा ६: त्याच्याशी बोलणं

सुआरेझला बार्सिलोनाच्या नव्या प्रशिक्षकाने फोनवर सांगितलं होतं. फोनवर सांगू नका. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. हे प्रत्यक्षच करायचं काम आहे.

कोणी: प्रशिक्षक आणि ज्याच्यावर खेळाडूचा विश्वास आहे असा एक जुना माणूस. मंडळाचा अध्यक्ष नको. अध्यक्ष समोर असला की खेळाडू भांडतो किंवा गप्प बसतो, आणि दोन्हींचा उपयोग नाही.

कुठे: त्याच्या घरी नको, घरचे ऐकत असतात. मैदानावर नको, पोरं बघत असतात. आम्ही मंडळाच्या खोलीत, सकाळी, कुलूप उघडून तिघेच बसलो होतो.

काय: पहिल्या दोन वाक्यांत निर्णय. आधी दहा मिनिटं जुन्या आठवणी काढल्या की त्याला वाटतं मानधन वाढवायला बोलावलंय. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"पुढच्या हंगामात तुझी नोंदणी आपण करणार नाही. हे तिघांनी ठरवलंय आणि बदलणार नाही."

तो बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "अण्णा, कुणाला घेताय?"

हा प्रश्न नेहमी येतो. खोटं बोलू नका. नाव सांगा. आम्ही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "त्याचा डावा पाय अजून कच्चा आहे. दोन महिने द्या मला, करून देतो." वारसदार तयार होता म्हणून आम्हाला नाव सांगता आलं. चौथा टप्पा आधी आणि सहावा नंतर, तो यासाठी.

त्याला तीन गोष्टी त्याच बैठकीत द्या: घोषणा कधी होणार ती तारीख, शेवटचा सामना कोणता, आणि पुढे मंडळात काही काम असेल तर ते नेमकं काय. "बघू, काहीतरी करू" म्हणू नका. काम नसेल तर नाही म्हणा.

नेहमीची चूक: आकडे पुढे करून त्याला पटवायला जाणं. टप्पा २ चे कागद खिशात ठेवा. विचारलं तरच काढा. निर्णय ऐकायला आलेल्या माणसाला स्वतःच्या रिकाम्या रेघा दाखवणं हा अपमान आहे.

दुसरी चूक: उशीर. लिव्हरपूलचा स्टीव्हन गेरार्ड २०१५ मध्ये गेला तेव्हा म्हणाला होता की करार हंगामाच्या आधी समोर ठेवला असता तर त्याने सही केली असती. ठेवायचं असो वा सोडायचं, प्रश्न लोंबकळत ठेवला की उत्तर खेळाडू स्वतःच देऊन टाकतो.

## टप्पा ७: घोषणा आणि शेवटचा सामना

बैठक झाल्यापासून दोन दिवसांत जाहीर करा. जास्त दिवस गेले की चहाचा गाडा तुमच्या आधी जाहीर करतो. मजकूर खेळाडूला आधी दाखवा आणि जाहीर करताना त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असू द्या. इकर कासियास २५ वर्षांनी रेआल माद्रिद सोडताना २०१५ मध्ये एकटाच बसून कागद वाचत रडला. लोक चिडले, तेव्हा दुसऱ्या दिवशी क्लबने घाईघाईत अध्यक्षांसह आणखी एक समारंभ उरकला. तेच चषक, तोच माणूस, पण आठवतो तो पहिला दिवस.

निरोपाचा सामना निवडताना:

- बाद फेरीचा नको. हरलात तर निरोपावर पाणी पडतं.
- घरच्या मैदानावरचा हवा. गेरार्डचा शेवटचा सामना स्टोकच्या मैदानावर झाला आणि लिव्हरपूल ६–१ ने हरलं.
- घोषणा आणि सामना यात दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. महिनोन्‌महिने चाललेला निरोप पोरांच्या डोक्यावर बसतो.
- बदली करून बाहेर घ्यायचं तर शेवटच्या मिनिटाला नको, पाच-दहा मिनिटं बाकी असताना. गॅलरीला उठून उभं राहायला वेळ मिळाला पाहिजे.

हार, शाल, फेटा हे सामन्यानंतर. सामन्याआधी अर्धा तास भाषणं चालली की दोन्ही संघांचे पाय थंड पडतात आणि पंच घड्याळ दाखवतात.

## टप्पा ८: नंतरचे सहा आठवडे

आता चहाच्या गाड्यावर बातमी कळलेल्या खेळाडूची राहिलेली गोष्ट. शेजारच्या पेठेत गेला, आमच्याविरुद्ध उतरला. स्वतः गोल मारला नाही. सामन्यात आम्हाला पेनल्टी मिळाली, तेव्हा तो त्यांच्या गोलकीपरजवळ गेला आणि दोन बोटांनी खाली, उजवीकडे दाखवलं. आमचा पोरगा नेहमी तिथेच मारायचा. तिथेच मारली, अडवली गेली. कॉर्नरला आमची ठरलेली चालही त्यांना पाठ होती. चूक त्याची नव्हती. सहा वर्षं ज्याने आमच्या चाली बसवल्या, तो गेल्यावर त्या बदलायच्या असतात हे आम्हाला सुचलंच नाही.

म्हणून तो गेल्यानंतर पहिल्या सरावात:

१. पेनल्टी कोण मारणार ते नव्याने ठरवा, आणि तो ज्या कोपऱ्यात मारतो तो बदलून घ्या.
२. कॉर्नर आणि फ्री किकच्या खुणा बदला. हात वर म्हणजे पहिला खांब, हे आता शेजारच्यांनाही माहीत आहे.
३. कर्णधार वारसदाराला करू नका. त्याच्या डोक्यावर एकच ओझं ठेवा.
४. गेलेल्या खेळाडूच्या नंबरची जर्सी एक हंगाम कुणालाच देऊ नका. रेआल माद्रिदने रोनाल्डोचा ७ नंबर लगेच मारियानोला दिला. बिचाऱ्याला त्या जर्सीत फारसं काही करता आलं नाही.

पहिल्या पराभवानंतर कट्ट्यावर त्याचं नाव निघणारच, आणि कुणीतरी म्हणेल, "परत बोलवू या." पॉल स्कोल्स मे २०११ मध्ये निवृत्त होऊन जानेवारी २०१२ मध्ये युनायटेडकडे परतला आणि कामाला आला, पण तो संघाच्या सरावातून कधी लांब गेलाच नव्हता. तुमचा माणूस सहा महिने घरी बसला असेल तर ते उदाहरण लागू नाही. वारसदाराला किमान दहा सामने द्या. तोवर मॅनेजरच्या फोनवरून त्या नंबरला फोन जाऊ नये. एकाच कारणाने गेला तर चालेल: राहिलेला शेवटचा हप्ता बँकेत जमा झाला का, ते विचारायला.